नवापूरच्या डोंगरात, माइकशिवाय

ऑपेरा शिकायला मी नंदुरबार जिल्ह्यात गेले होते असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तिथं?" हो, तिथं. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात एक चर्च आहे. चर्चला लागून पत्र्याच्या छपराचा हॉल आहे, आणि त्या हॉलमध्ये दर वर्षी एक आठवडा बारा माणसं ऑपेरा शिकतात. परत येऊन दोन महिने झाले. अजूनही पहाटे जाग आली की त्या पत्र्यावर पळसाची फुलं पडल्याचा आवाज येतो का ते मी आधी ऐकते. मग आमच्या गल्लीतले माग सुरू होतात.

मी इचलकरंजीची. आमच्याकडे यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात, शेजारणीकडे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती 'बोनस' आणि 'एकजूट' या शब्दांवरून. शाळेत असल्यापासून मोर्च्यात गाते, घोषणा देते, गाणी लिहिते. गेल्या वर्षी आवाज बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. असंच ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल. विश्रांती घ्या आणि आवाज कसा वापरायचा ते कुणाकडून तरी शिका.

एका मैत्रिणीनं एस्तरबाईंचं नाव सांगितलं. ऑपेरात अख्खं नाटक गाऊन करतात, साधा संवादसुद्धा सुरात. आणि माइक नसतो. गळा न फाडता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचं शिक्षण तिथं देतात. मला तेवढंच हवं होतं. बाकी ऑपेरा म्हणजे राजेरजवाड्यांची चैन, हे माझं मत मी एका पत्रकात छापूनही टाकलं होतं.

रविवार. नंदुरबार

नवापूरला रेल्वे स्टेशन आहे, पण बाहेरगावच्या आम्हा सगळ्यांना घ्यायला बाईंची जीप नंदुरबारच्या एसटी स्टँडवर येणार होती, म्हणून मी नंदुरबारला उतरले. उतरले आणि खोकायला लागले. फेब्रुवारी संपत आलेला. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पडलेली, तिच्याकडून येणारं वारं नाकात शिरत होतं. दुखऱ्या गळ्याच्या बाईनं याच गावी यावं, याचं माझं मलाच हसू आलं.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कथा जानं शे, ताई?"

"एसटी स्टँड. तिथून नवापूरकडे. गाणं शिकायला."

"गानं शिकाले उनी?" तो मोकळेपणानं हसला. "आठे ते लोके खोकला शिकतस!"

स्टँडवर जीपपाशी निखिल भेटला. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा, उंच, खर्जाच्या आवाजाचा. ओळख झाल्या झाल्या त्यानं मला विचारलं, "तुझा आवाज कुठल्या जातीचा?" मी भडकले. जातीचा म्हणजे काय? आमच्या घरात हा शब्द असा सहज कुणी उच्चारत नाही. त्यानं घाबरून खुलासा केला, की ऑपेरात बायकांच्या उंच आवाजाला, मधल्या आवाजाला वेगवेगळी नावं असतात, एवढंच. नवापूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. आता वाटतं, त्या दिवशी बोलून घ्यायला हवं होतं. पुढचे चार दिवस मी कुणाशीच बोलू शकणार नव्हते.

सोमवार. हॉल

एस्तरबाई याच गावच्या, इथल्या कोकणी आदिवासी घरातल्या. आजोबा शेतकरी, वडील चर्चच्या गायकमंडळात. बाई आधी पुण्याला आणि मग परदेशात शिकल्या, तिकडे बरीच वर्षं गायल्या, शिकवलं, आणि निवृत्त होऊन गावी परतल्या. पांढरे केस, सुती साडी, पायात स्लिपर. त्यांनी एकेकाला हॉलमध्ये उभं करून ऐकलं.

मी माझं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. डॉक्टरांचा कागद आणलायस?"

मी दिला. त्यांनी तो वाचून घडी करून परत दिला.

"गुरुवारपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं गळ्याला जास्त त्रास होतो. सगळ्या तासांना बसायचं आणि ऐकायचं. शुक्रवारी सकाळी मी परत ऐकेन."

"पण मी इतक्या लांबून—"

"हे तुझं शेवटचं वाक्य होतं," बाई म्हणाल्या. सगळे हसले. मी नाही.

बाईंच्या निकालावर माझा आवाज राहणार की जाणार ते ठरायचं होतं, आणि तोवर मला तोंड मिटून बसायचं होतं. मी वहीची पानं टराटरा फाडून चिठ्ठ्या केल्या. पहिलीच चिठ्ठी बाईंना: 'ही दडपशाही आहे.' त्यांनी चष्मा लावून वाचली आणि खाली लाल पेन्सिलीनं 'बरोबर' अशी खूण केली.

सुरेखाचं घर

आम्हा बाहेरच्यांना गावातल्या गाणाऱ्यांच्या घरी वाटून दिलं होतं. मी सुरेखाकडे. सुरेखा तिशीची. स्वतःच्या शेतातलं काम संपलं की नवरा आणि ती सीमेपलीकडे गुजरातेत बांधकामावर रोजानं जातात. त्या आठवड्यापुरती ती घरी राहिली होती, नवरा कामावर. घरी सासरे, याकूबबाबा. चर्चच्या गायकमंडळात त्यांनी चाळीस वर्षं खर्ज धरलेला.

या घरात मला एक गंमत कळली. ही माणसं फार हळू बोलतात. चुलीपाशी दोघं बोलत असले तर अंगणात ऐकू येत नाही. इचलकरंजीच्या माझ्या कानांना पहिला दिवस सगळं गाव आजारी असल्यासारखं वाटलं. पण मी बोलत नाही म्हणजे बहिरी असणार, असा गावानं समज करून घेतला, आणि माझ्याशी मात्र सगळे ओरडून बोलायला लागले. याकूबबाबा तर कानाशी तोंड आणून, "भा-क-री-खा!"

"बाबा, त्यांना ऐकू येतं," सुरेखा सांगायची.

"येतं? मग बोलत का नाही?"

"बाईंनी बंदी घातली."

"मग ठीक शे." आणि पुन्हा कानाशी, "घे-अ-जू-न!"

तांदळाची भाकरी, उडदाची डाळ, वर लसूण-मिरची वाटून. आमच्याकडे भाकरी ज्वारीची आणि तिखट तांबडं. इथलं तिखट हिरवं, आणि ते खाऊन खोकायचं नाही हा माझ्यापुरता वेगळा कायदा. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या असायच्या. रोज संध्याकाळी टोपलीभोवती बसून त्या सोलताना दोघं सासरा-सून दुपारचा धडा गुणगुणायचे. ती वरच्या ओळीत, बाबा खालच्या. दोन वेगळ्या चाली, पण एकमेकींना कुठं लागत नव्हत्या. आमच्या मोर्च्यात हजार माणसं एकच चाल गातात आणि तीच एकजूट असं मी मानत आले. या दोघांचं ऐकताना मला त्याबद्दल पहिल्यांदा शंका आली. त्यावर चिठ्ठी लिहायला घेतली, पण काय लिहायचं ते सुचेना. शेंगा सोलत राहिले.

बुधवार. तूर आणि बकरी

सकाळचा तास जमिनीवर उताणं पडून. पोटावर किलोभर तुरीची पिशवी. श्वास घेतला की पिशवी वर, सोडताना सावकाश खाली. खांदा हलला तर बाई पायाच्या अंगठ्यानं हळूच दाबायच्या. मग ओठ सैल सोडून फुरफुर करायचं. निखिल ते इतक्या गंभीरपणे करायचा, की सुरेखाला राहवलं नाही. "आमची म्हैस बी असंच करते, दादा. पण ती फी भरत नाही."

उभं राहून गाताना शहरातल्या आम्हा मंडळींची मान पुढे जायची. सुरेखाची जात नव्हती. बाईंनी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस?

"घमेलं डोक्यावर असतं ना, बाई. मान वाकली तर सिमेंट अंगावर."

बाईंनी हॉलच्या कोपऱ्यातलं एक घमेलं मागवलं आणि निखिलच्या डोक्यावर ठेवलं.

त्याच दुपारी तो अपघात झाला. याकूबबाबांची वही म्हणजे गावाचा खजिना. मिशनऱ्यांच्या काळापासून इथं गाणं 'डो रे मी'च्या, म्हणजे पाश्चात्त्य सारेगमच्या अक्षरांत लिहून ठेवतात, आणि बाबांनी चाळीस वर्षांची गाणी स्वतःच्या हातानं उतरवलेली. ती ओट्यावर उघडी होती. मी अंगणात. एक बकरी आली आणि पान ओढून चघळायला लागली. ओरडले असते तर बकरी पळाली असती. पण मी तोंड उघडलं आणि मिटलं. टाळ्या वाजवत धावले. बकरीनं माझ्याकडे पाहिलं आणि चघळणं चालू ठेवलं.

अर्धं पान गेलं. मी रडवेली होऊन वही बाबांपुढे धरली. त्यांनी फाटलेल्या कडेवर बोट फिरवलं, डोळे मिटले आणि गेलेलं अर्धं पान गाऊन दाखवलं. मग मला पेन दिलं आणि कानाशी ओरडले, "लि-ही!" मी लिहीत गेले. संध्याकाळपर्यंत मला डो-रे-मीची अक्षरं वाचता यायला लागली होती. त्या आठवड्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच: माझ्या मौनानं झालेलं नुकसान म्हातारा न रागावता पुन्हा गाऊन भरून काढतोय, आणि बकरी तिथंच उभी.

गुरुवार. मोलकरणीचं गाणं

शनिवारी गावासमोर सादर करायला बाईंनी स्वतः वीस मिनिटांचा छोटा ऑपेरा रचला होता, मराठीत. जमीनदाराच्या घरात अंगठी हरवते. मोलकरणीवर आळ येतो. तिनं चोरी केलेली नाही, तरी काम जाऊ नये म्हणून ती गुडघे टेकून 'क्षमा करा धनी' म्हणते, आणि जमीनदार मोठ्या मनानं तिला ठेवून घेतो. जमीनदार निखिल, मोलकरीण सुरेखा.

माझं रक्त उकळलं. न केलेल्या चोरीची क्षमा? तीही रोजानं घमेली उचलणाऱ्या बाईच्या तोंडून? मी बाईंना लागोपाठ चार चिठ्ठ्या दिल्या. त्यांनी चारही वाचल्या.

"आमच्या घरात हे असंच घडलेलं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आजीच्या बाबतीत. तिनं क्षमा मागितली होती. तुला दुसरे शब्द सुचत असतील तर लिही. चाल बदलायची नाही, आणि सुरेखाला गाता आले पाहिजेत."

मी अर्ध्या तासात लिहिलं. सगळ्यात उंच सूर जिथं येतो, तिथं 'क्षमा'च्या जागी माझी ओळ होती: 'लाथाडते मी तुमची भीक!' वाचून निखिलनं टाळी दिली. सुरेखानं दोनदा वाचलं, तिचे डोळे चमकले. "हे भारी शे, ताई."

मग ती गायला उभी राहिली. 'लाथाडते' ठीक गेलं. 'भीक'वर सूर चढला आणि तिचा आवाज चिमटला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. पाचव्या वेळी ती गळा धरून खोकत खाली बसली.

"मन्हाच गळा खराब," ती म्हणाली. "बाई, शनिवारी दुसऱ्या कोणाला उभं करा."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. "तिचा गळा चांगला आहे. तू ही ओळ स्वतः गाऊन पाहिली नाहीस, समता. मी तुला बोलू दिलं नाही, म्हणून. उद्या सकाळी गाऊन पाहा."

शुक्रवार

चार दिवसांनी तोंडातून पहिला आवाज काढताना मला भीती वाटत होती. बाईंनी आधी मिटल्या ओठांनी गुंजारव करायला लावला. मग हळू 'आ'. आवाज आला. पातळ होता, पण खरखर नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता तुझी ओळ. अगदी हळू."

मी गायले. 'भी'वर जबडा मिटला, जीभ वर चढली, 'क'नं दार लावल्यासारखा श्वास अडला. गळ्यात तीच ओळखीची ओढ. दुखरी जागा कुठं आहे ते मला बोट ठेवून सांगता आलं असतं.

"ही ओढ तुला आधी कधी जाणवलीय?"

डोक्यात माझी एकेक गाणी येत होती. हक्क. ठिणगी. मुठी. धिक्कार. दर वेळी सगळ्यात वरचा सूर, आणि त्या सुरावर सगळ्यात घट्ट शब्द, कारण कागदावर तोच जोरदार दिसतो. आणि मग तो गाता येत नाही म्हणून ओरडायचा. मालकांनी, पोलिसांनी माझा आवाज घेतला असं मी लोकांना सांगत फिरत होते. तो मी लिहिलेल्या शब्दांनी घेतला होता. मी पत्रकं लिहीत होते आणि त्यांना चाल लावत होते.

"मग काय, मवाळ लिहायचं?" मी चिडून विचारलं. पाच दिवसांतलं माझं पहिलं भांडण, आणि ते करताना फार बरं वाटलं.

"मी मवाळ म्हटलं का? उघडं लिही. तोंड उघडं राहील असं."

दुपारी सुरेखा आणि मी ओट्यावर बसलो. मी तिला विचारलं, तुझ्यावर आळ आला असता तर तू काय म्हणाली असतीस? तिनं तळहात पुढे करून पाहिले. सिमेंटनं फुटलेले तळहात.

"बांधकामावर एकदा मुकादमाचा मोबाइल गेला होता. आम्हा बायांची झडती घेतली. मी हात पुढे केला नि बोलली, हा हात माझा शे. कामाचा शे."

"मग?"

"मग काय, घेतलीच झडती. पण मी बोलली."

मी वहीत लिहिलं: 'चोर नाही हा हात, हा हात माझा.' ती बसल्या बसल्या गायली. सूर 'झा'वर गेला आणि तसाच उघडा वर राहिला. आत बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. मी बोलू लागलेय हे विसरून ते ओट्यावर आले आणि माझ्या कानाशी ओरडले, "हे-च-ठे-वा!"

शनिवार. चर्चचं अंगण

चार वाजता सगळं गाव अंगणात. गावातल्या लग्नांना स्पीकर लावणाऱ्या माणसानं आमच्या सन्मानार्थ दोन मोठे खोके आणून ठेवले होते. बाईंनी ते परत न्यायला लावले.

"मग मागच्यांना ऐकू कसं येणार, बाई?"

"तुम्ही गप्प बसलात की येईल."

बसले. निखिल घमेल्याशिवायही ताठ उभा होता. मी समूहात, मधल्या ओळीत, हलक्या आवाजात. बाईंनी तेवढीच परवानगी दिली होती. सुरेखानं हात पुढे करून 'हा हात माझा' म्हटलं तेव्हा सूर पळसावरून पलीकडच्या शेतापर्यंत गेला असावा, कारण तिथं तूर झोडपणाऱ्या दोन बायका थांबून उभ्या राहिल्या. मग समूहानं तीच ओळ चार आवाजांत उचलली. मला माझा आवाज वेगळा ऐकूच येत नव्हता. आयुष्यभर मी गर्दीत स्वतःचा आवाज शोधत आले. त्या दिवशी तो सापडला नाही आणि मी शोधलाही नाही.

एस्तरबाई पहिल्या रांगेत होत्या. संपल्यावर त्या उठल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या, मांडीवर हात उताणे ठेवून, तळहातांकडे बघत.

रविवार

निघायच्या आधी बाईंनी मला शेवटचं ऐकलं. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"गाठींचं डॉक्टर सांगतील, त्यांना दाखव. माझं ऐकशील तर गाणं राहील. एका सभेत एक गाणं. घोषणा मात्र सोड. दोन्ही धरायला गेलीस तर दोन्ही जातील."

"घोषणा सोडली तर आमच्या लोकांना मी कोण, तेच कळणार नाही."

"मग त्यांना गाऊन सांग," बाई म्हणाल्या आणि जीप आली म्हणून उठल्या. सुरेखानं उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी दिली. दुसऱ्या दिवशी ती कामावर जाणार होती. मी तिला विचारलं, तिकडे गातेस का? "मनात," ती म्हणाली. "घमेलं घेऊन वर चढताना."

परत आल्यावर पहिली सभा गिरणीच्या फाटकावर झाली. घोषणा दुसऱ्यांनी दिल्या. मी पहिल्या रांगेत तोंड मिटून उभी होते, आणि ते फार कठीण गेलं. लोक माझ्याकडे बघत होते, काहींनी समजूत करून घेतली की मी फितूर झाले. माझी वेळ आली तेव्हा मी माइक बाजूला केला. जुन्या गाण्याचे शब्द मी बदलले होते. श्वास घेतला, खांदे न हलवता, आणि गायला लागले. पलीकडे माग चालू होते. एवढ्याशा आवाजात शब्द पोचतायत की नाही ते मला कळेना, पण मी जोर केला नाही.

दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतले लोक पुढे सरकू लागले.